चढावरची गाडी

तिनं शर्टाचं टोक दातांत धरलं, बेंबीच्या खाली कातडीची चिमूट उचलली आणि सुई आत घातली. सुई जाताना फारसं दुखत नाही, औषध उतरताना चुरचुरतं, हे एव्हाना तिला पाठ झालं होतं. समोरच्या भिंतीवर रहदारीच्या खुणांचा तक्ता टांगलेला होता. औषध पुरतं उतरेपर्यंत ती तो वाचत राहिली. पुढे वळण आहे. पुढे अरुंद पूल आहे. येथे थांबू नये.

दारावर टकटक झाली.

"मॅडम, आत आहात का?"

दातांतलं टोक न सोडता तिनं "हं" केलं.

"दुसऱ्या गाडीची चावी हवी होती."

आता टोक सोडावंच लागलं. "मास्तर, माणसाला बाथरूमला तरी जाऊ द्याल की नाही?"



"बाथरूम पलीकडे आहे," मास्तर म्हणाले.

त्यांच्या आवाजात खोच नव्हती. या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ते तिच्याही आधीपासून शिकवत होते, आणि डाव्याला डावं नि उजव्याला उजवं म्हणणारा इतका सरळ माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता. तिनं सुई रिकाम्या डब्यात टाकली, शर्ट खाली ओढला आणि चावी घेऊन दार उघडलं. मास्तरांची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या छोट्या फ्रिजकडे गेली.

"मांजर कसं आहे?"

"बरं आहे."

"इंजेक्शनं चालूच आहेत अजून?"

"थोडी राहिलीत."

"खातंय ना पण?"

"खातंय."

फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्यांमागे एक पुठ्ठ्याचा खोका होता. त्यावर तिनंच ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: मांजराचं औषध, हात लावू नये. तिच्याकडे मांजर नव्हतं. मास्तरांचा मांजरांवर भारी जीव आहे, हे तिला खोक्यावर लिहून झाल्यावर कळलं. तेव्हापासून एका नसलेल्या जनावराच्या तब्येतीची बातमी रोज द्यावी लागत होती, आणि दर वेळी तिचे कान गरम होत होते. वळायच्या आधी इंडिकेटर द्या, मागच्याला कळू द्या तुम्ही कुठे चाललात, हे दिवसभर लोकांना ओरडून सांगायचं आणि संध्याकाळी स्वतः दाराला कडी लावून बसायचं.

लपवायचं ही अट नवऱ्याची होती. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा. एका डोळ्यानं त्याला स्वतःला कमी दिसे, त्यामुळे गाडीचा परवाना त्यानं कधी काढला नव्हता. पण हात असा स्थिर, की क्लिनिकमधल्या सिस्टरनं रबराच्या गादीवर सुई टोचायला शिकवली तेव्हा त्याचंच कौतुक झालं. घरी तिच्या पोटासमोर गुडघ्यावर बसल्यावर मात्र त्याच्या कपाळाला घाम आला. "दे इकडे," ती म्हणाली होती, आणि तेव्हापासून तिनं कुणाची वाट पाहिली नव्हती. त्याबद्दल तिचा राग नव्हता. राग होता तो दुसऱ्या गोष्टीचा.

"आईला नको सांगायला," तो म्हणाला होता. "तिच्या पोटात काही राहत नाही. आज सांगितलं की उद्या सगळ्या आत्या, माम्या, मावश्या फोनवर. आणि नाही जमलं, तर त्या सगळ्यांना परत सांगत बसायचं."

"सांगू की मग."

"तू सांगशील. मला नाही जमणार."

त्याचा आवाज असा खाली गेला होता, की ती गप्प बसली. डॉक्टरांनी दोघांच्या हव्या तेवढ्या तपासण्या केल्या होत्या आणि शेवटी, कारण काही सापडत नाही, असं सांगितलं होतं. नवऱ्याला त्याचाच धक्का बसला. दोष आपल्यात निघणार, अशी त्यानं मनाची तयारी करून ठेवली होती; दोषच नाही म्हटल्यावर तो ती तयारी कुठे ठेवणार? तिला उलट हलकं वाटलं होतं. दोष नाही तर लाज कसली, एवढं साधं तिचं गणित होतं.

मास्तर चावी घेऊन निघाले, आणि दारातून परत वळले.

"उद्या दुपारी तुमच्या सासूबाईंची परीक्षा ना?"

"हो. तुम्हीच न्या. सकाळी मी एकदा चढाचा सराव घेते त्यांचा."

"चढावर घाबरतात."

"माहीत आहे."

सासूबाईंना गाडी शिकायची हुक्की आली होती अडीचेक महिन्यांपूर्वी. त्याआधी त्या सायकलवरही बसल्या नव्हत्या. सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी, मला तुझ्या शाळेत घालून घे, असं सांगितलं, तेव्हा मुलगा हसला. आता या वयात? "या वयात नाही तर काय पुढच्या वयात?" सासूबाई म्हणाल्या आणि त्याच दुपारी शिकाऊ परवान्यासाठी फोटो काढून आल्या.

पहिल्या दिवशीच तिनं बजावलं होतं, "गाडीत मी तुमची सून नाही."

"मग कोण?"

"शिक्षिका."

"बरं. मग बाई, एक विचारू का? तुमच्या घरी सासू आहे?"

"आहे."

"कशी आहे?"

"क्लच सोडायची घाई करते."

सासूबाई त्या दिवशी हसताना दोनदा गाडी बंद पाडून बसल्या होत्या.

परीक्षेच्या दिवशी क्लिनिक उघडायच्याही आधी ती दारात उभी होती. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर काळ्या गोळ्यांची दाटी दिसत होती. डॉक्टरीणबाईंनी एकेक गोळा मोजला आणि समाधानानं चष्मा डोक्यावर सरकवला.

"छान. बीजं तयार आहेत. आज संध्याकाळी सातला शेवटचं इंजेक्शन घ्यायचं. सात म्हणजे सातच. त्यावरच पुढचं सगळं बेतलेलं असतं. ते चुकलं, तर परवा सकाळी बीजं काढताना माझ्या हाती काही लागणार नाही."

"नाही चुकणार."

बाहेरच्या खोलीत सिस्टरनं निळ्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये इंजेक्शन ठेवलं आणि सूचनांची माळ सुरू केली. डबा आडवा करायचा नाही. बर्फ विरघळू द्यायचा नाही. परवा सकाळी काही न खाता यायचं. भूल देणार, त्यामुळे जाताना स्वतः गाडी चालवायची नाही.

"ते मागेही सांगितलं होतं तुम्हाला. न्यायला गाडी येणारं माणूस हवं, रिक्षात बसवून पाठवत नाही आम्ही. घरात कुणाला येते?"

"मला."

"तुमच्याशिवाय?"

"शिकवतेय एकीला."

सिस्टर हसली नाही. डब्याचं झाकण दाबून बसवत, आवाज जरा मऊ करून ती म्हणाली, "पहिलीच वेळ ना? फार आशा नका धरू हं. पहिल्या वेळी बऱ्याच जणींचं होत नाही. मी आपलं आधीच सांगून ठेवते."

सिस्टरचं ऐकत ती बुटाचे बंद बांधत होती. गाठ मारून होईपर्यंत तिनं वर पाहिलं नाही.

"सिस्टर, माझ्याकडे रोज नवा माणूस गाडीत बसतो. स्टिअरिंगला हात लावायच्या आत मी त्याला सांगितलं, तू नापास होणार आहेस, तर तो शिकेल का?"

"नापास झाल्यावर रडतात ना पण."

"रडू देत. पुन्हा येतात." तिनं डबा उचलला. "आशा माझी आहे. किती धरायची ते मी बघते."

डबा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून ती घरी गेली. नवरा दुकानात जायच्या गडबडीत होता. सासूबाई बाहेरच्या खोलीत पायांत मोजे चढवत होत्या. दोघं नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात गेली, त्यानं नळ सोडला आणि धबधब्याच्या आडून तिनं त्याला संध्याकाळचं, परवाचं सगळं सांगितलं. त्यानं मान हलवली. तिचा हात हातात घ्यावा तसा त्यानं ओला कप हातात घेतला, बराच वेळ विसळला आणि नळ बंद केला.

मग चढ. गावाबाहेरच्या टेकाडावर जाणारा रस्ता होता, सकाळच्या कामावर निघालेल्या लोकांनी भरलेला. अर्ध्या चढावर तिनं सासूबाईंना थांबायला लावलं.

"हँडब्रेक. शाबास. आता क्लच हळूहळू वर येऊ द्या. गाडी थरथरायला लागेल, नाक जरा उचलेल. तिथे पाय थांबवा."

मागून हॉर्न वाजला. सासूबाईंचा पाय हलला, गाडी हिसका देऊन बंद पडली.

"मागचा ओरडतोय गं."

"ओरडू देत. रस्ता त्याच्या एकट्याचा नाही. पुन्हा लावा. तुमची गाडी मागे जाता कामा नये, एवढंच तुमचं काम. मागच्याचं समाधान करायचं काम तुमच्याकडे दिलेलं नाही."

दुसऱ्या खेपेला क्लच पकडला, गाडी थरथरली आणि सुरळीत वर चढली. सासूबाईंची जीभही लगेच चढाला लागली. शेजाऱ्यांच्या गच्चीतली कबुतरं, फाटकाची करकर, दूधवाल्याचं नवं जाकीट, असं बरंच काही वाटेत झालं. तीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. तिथे गप्प बसावं लागलं त्याचं उट्टं आता काढतेय, असं नवरा म्हणायचा.

"आणि हो, तुमचे मास्तर विचारत होते, मांजर कसं आहे."

तिच्या बाजूच्या, शिकवणाऱ्याच्या ब्रेकवर तिचा पाय आपोआप पडला. गाडी गचकन थांबली.

"मी काय चुकले?"

"काही नाही. मीच. कुत्रं आडवं आलं असं वाटलं."

सासूबाईंनी टेकाडापलीकडच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. मग गाडी पुन्हा चालू केली.

"मी म्हटलं, सुधारतंय. पुढे डावीकडे ना?" त्यांनी इंडिकेटर दिला आणि कबुतरांचा विषय जिथे सोडला होता तिथून उचलला.

दुपारी ती घोडचूक झाली. स्कूलच्या दोन्ही गाड्या पांढऱ्या, दोन्हींच्या टपावर सारखीच पिवळी पाटी. सासूबाईंचा पाय तिच्या गाडीवर बसला होता. दुसऱ्या गाडीचा क्लच बराच वर पकडायचा. परीक्षेला हीच गाडी द्या, असं मास्तर म्हणाले आणि ते बरोबरच होतं. ती स्वतः बरोबर जाणार नव्हती. घरच्या माणसानं परीक्षेला यायचं नाही, हा नियम तिचाच. घरचं माणूस असलं की शिकणारा रस्त्याऐवजी त्याच्या तोंडाकडे बघतो. तिनं आपली पिशवी उचलली, पाण्याची बाटली उचलली, सासूबाईंना "हॉर्नकडे लक्ष देऊ नका" म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या गाडीत जाऊन बसली.

डबा नाही हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ऊन उतरलं होतं. शेजारी एक दंतवैद्य गाडी मागे घ्यायला शिकत होता. मागे बघा, असं त्याला सांगताना तिनंही मागे पाहिलं, आणि मागच्या सीटवर नुसती पिशवी होती.

तिनं मास्तरांना फोन लावला. बंद. सासूबाईंचा बंद. परीक्षेच्या मैदानावर फोन दारातच काढून घेतात, हे ती शिकणाऱ्यांना दर आठवड्याला सांगत असे.

"उतरा," ती दंतवैद्याला म्हणाली.

"इथे? माझं काही..."

"तुमचं काही चुकलं नाही. या बाजूला बसा. आज बघून शिका."

मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि कचेऱ्या नुकत्याच सुटत होत्या. तिनं एकही सिग्नल तोडला नाही. प्रत्येक सिग्नलला स्टिअरिंगवर बोटं आपटली, एवढंच. दंतवैद्य दोन्ही पाय तिच्या जागच्या ब्रेकपासून लांब उचलून, शहाण्या मुलासारखा बसून होता. डबा आडवा झाला असेल. उन्हात गाडी उभी असेल. कुणीतरी कुतूहलानं झाकण उघडून तसंच ठेवलं असेल. एवढे दिवस कडी लावून, खोटं बोलून जे जपलं, ते लपवण्यापायीच हातचं जायचं. घरच्या फ्रिजमध्ये, दुधाच्या शेजारी, राजरोस ठेवलं असतं तर ते आत्ता तिथेच असतं.

मैदानावरच्या परीक्षा रेंगाळल्या होत्या. पत्र्याच्या मांडवाखालची बाकं भरलेली होती. लोक हातांत कागद घेऊन आपल्या नावाची वाट पाहत होते. मास्तर गाडीला टेकून उभे होते. आणि शेवटच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर निळा डबा होता, झाकणावर दोन्ही हात.



"नापास," मास्तर पुढे येत म्हणाले. "कागदाची वाट बघतोय. आणि कशावरून, ते सांगितलं तर तुम्हाला पटायचं नाही."

"सांगा."

"सगळं झकास चाललं होतं. आठाचा आकडा, गाडी मागे घेणं, सगळं. चढावर थांबल्या, हँडब्रेक लावला. तेवढ्यात मागच्या सीटवरून काहीतरी धपकन खाली घसरलं. यांनी गाडी बंद केली आणि उतरल्या. परीक्षक शेजारी बसलेला, तो म्हणतोय, अहो बाई, अहो बाई. यांनी मागचं दार उघडलं, डबा उचलला, झाकण काढून आत बघितलं, बर्फ नीट लावला आणि डबा मांडीवर घेऊन पुन्हा स्टिअरिंगवर बसल्या. म्हणाल्या, हं, चला. तो म्हणाला, आता कुठे चला, आता उतरा." मास्तरांनी मान हलवली. "मांजराच्या औषधासाठी, मॅडम. मांजरं मलाही आवडतात, पण..."

ती जाऊन सासूबाईंच्या शेजारी बसली.

"आई."

"सात वाजायला थोडा वेळ आहे अजून," सासूबाई समोर बघत म्हणाल्या. "बर्फ टिकलाय. मी दोनदा बघितला."



"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कुणी? नळ सोडून बोलता तुम्ही दोघं. नळ सोडला की माणूस मोठ्यानं बोलतो, आणि पाणी वाया जातं ते वेगळंच. तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसले होते मी."

"मग कधी बोलला नाहीत."

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून. लाइनीवर ऐकू आलं तरी मध्ये बोलायचं नसतं. पहिल्या दिवशी तेच शिकवतात."

ती सासूबाईंच्या हातांकडे बघत राहिली. कबुतरं, फाटक, दूधवाल्याचं जाकीट. एवढी वर्षं या बाई अखंड बोलत होत्या, आणि त्या सगळ्या बोलण्यात कुणाच्या घरातली एकसुद्धा आतली गोष्ट तिच्या कानावर कधी आली नव्हती. अख्ख्या गावाची लग्नं जमताना, मोडताना, माणसं जाताना यांनी ऐकली असतील. पोटात काही राहत नाही म्हणे.

सासूबाईंचा चेहरा मात्र उतरलेलाच होता.

"नापास झाले ना पण," त्या म्हणाल्या. "पुढची तारीख महिन्यानं देतात म्हणे."

"देऊ परत. घाई कसली आहे?"

सासूबाईंनी पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे पाहिलं. लहान मुलीला काही साधं समजू नये, तसं.

"घाई कसली म्हणजे? मग परवा तुला घरी कोण आणणार?"

मांडवात कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. कुणीतरी लगबगीनं उठलं. तिला क्लिनिकमधून पहिल्यांदा घरी आलेली संध्याकाळ आठवली. नवरा नळाखाली कप धरून म्हणाला होता, मला गाडी येत नाही, तुला चालवायची नाही, मग तुला आणायचं कुणी? त्याच्या दुसऱ्या सकाळी चहाचा कप खाली ठेवून सासूबाईंना हुक्की आली होती.

"बघू," ती म्हणाली. "डबा द्या."

सात वाजत आले होते. तिनं झाकण काढून डबा पुन्हा सासूबाईंच्या हातांत दिला, सुईची पिशवी फाडली आणि उजेडात औषध धरून बघितलं. खिडकीमागचा कारकून अर्धा बाहेर वाकला.

"ओ बाई, काय चाललंय हे? आडोशाला जा जरा."

"आडोसा शोधत बसले तर सात वाजून जातील."

"अहो, पण लोक आहेत इथे."

"दिसतंय मला," ती म्हणाली. इंजिनाच्या आवाजावरून तिसरा गिअर टाका म्हणून सांगते, त्याच आवाजात. "औषध घेतेय. मूल व्हावं म्हणून. चोरी करत नाही."

तिनं शर्टाचं टोक दातांत धरलं नाही. ते सासूबाईंनी धरलं. समोर तक्ता नव्हता, म्हणून ती सरळ समोरच्या माणसांकडे बघत राहिली. काहींनी नजर खाली घातली. एका बाईनं घातली नाही. औषध पुरतं उतरलं, तेव्हा कारकून खिडकीत परत गेला होता.

"छान टोचता," दंतवैद्य म्हणाला. सबंध संध्याकाळभरात त्याला पहिल्यांदाच काही बोलायचं सुचलं होतं.

मास्तर अजून डब्याकडे पाहत होते. "म्हणजे मांजर..."

"मांजर नाही, मास्तर."

"कधीपासून?"

"कधीच नव्हतं."

"बरं होत आलं होतं पण," मास्तर म्हणाले.

दारात तिला फोन परत मिळाला न मिळाला तोच तो वाजला. नवरा होता.

"घेतलंस?"

"घेतलं."

"कुणी बघितलं नाही ना?"

तिनं मांडवभर नजर फिरवली. "बघितलं. बाकं भरलेली आहेत."

"म्हणजे?"

"परीक्षेच्या मैदानावर घेतलं. डबा आईंनी धरला होता."

पलीकडचं काचा घासायचं यंत्र थांबलं.

"आई काय म्हणाली?"

सासूबाईंनी हात पुढे केला, फोन कानाला लावला. "नळ बंद ठेवत जा," त्या म्हणाल्या आणि फोन परत देऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई तिच्या उशाशी आल्या, तेव्हा भुलीची गुंगी उतरत होती. बीजं चांगली मिळाली, त्या म्हणाल्या. आता पुढचं काय होतं ते फोनवर कळेल. काय होईल, ते कुणालाच सांगता येणार नाही. "आज फक्त आराम," त्या म्हणाल्या, आणि आशेबद्दल काही बोलायच्या आत ती उठून बसली होती. चाकांची खुर्ची तिनं बाजूला सारली. नवऱ्यानं दिलेला हात मात्र घेतला.

सिस्टर दारापर्यंत आली. "गाडी येणारं माणूस आलंय ना?"

"आलंय."

पायरीशी पांढरी गाडी उभी होती. टपावर पिवळी पाटी, काचेवर लाल अक्षर. स्टिअरिंगमागे सासूबाई ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात घड्याळातल्या दहा-दहासारखे. शेजारी, दुसऱ्या ब्रेकच्या जागी, मास्तर.

सिस्टरनं त्या लाल अक्षराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अहो, या तर शिकाऊ आहेत."

"हो. शेजारी शिकवणारे आहेत. नियमात बसतं." तिनं दार उघडलं. "मीही पहिल्याच वेळची आहे, सिस्टर."

ती मागच्या सीटवर नवऱ्याच्या खांद्याला टेकली. सासूबाईंनी आरसा नीट केला, त्यात एकदा तिला पाहिलं, इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्याला लावली. आज त्या अवाक्षर बोलत नव्हत्या. मास्तर दर वळणाला "छान" म्हणत होते, बहुधा स्वतःलाच धीर द्यायला.

घराच्या अलीकडच्या चढावर सिग्नल लाल झाला. गाडी लोंबकळल्यासारखी थांबली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. मागे गाड्या एकीमागे एक येऊन भिडत गेल्या. तिचा पाय पुढच्या सीटखाली ब्रेक शोधत होता. तिथे ब्रेक नव्हता. क्षणभर पाय तिथेच दाबून राहिला. मग तिनं तो उचलून सीटवर घेतला आणि गुडघा जवळ ओढला.

सिग्नल हिरवा झाला. लगेच मागून हॉर्न वाजला, मग दुसरा, मग सगळे.

"आई, हिरवा झाला," नवरा म्हणाला.

"दिसतोय."

"मागचे ओरडतायत."

गाडी थरथरली. नाक जरा उचललं. मास्तरांनी दोन्ही पाय ब्रेकवरून काढून बाजूला ठेवलेले तिला सीटच्या फटीतून दिसले.

"ओरडू देत," सासूबाई म्हणाल्या, आणि क्लच पुरता पकडेपर्यंत त्यांनी हँडब्रेक सोडला नाही.